शेगडी बाहेर, बाबा आत

(निफाड तालुक्यातील एका हिवाळी व्याख्यानमालेत बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

अध्यक्षमहाराज, आणि कानटोप्या घालून बसलेल्या मंडळी. राहू द्या टोप्या, मलाही वाजतंय. पत्रिकेत विषय छापलाय ‘हिवाळ्यातील बाळाची झोप’. संयोजकांना मी हो म्हटलं खरं, पण मनात काय होतं ते आत्ताच सांगून टाकते. मला आज इथल्या पुरुषांशी बोलायचंय. (हशा) हसताय कशाला? मागचे दोघं उठायला लागलेत, त्यांना बसवा आधी.

निफाडची थंडी मी निफाडकरांना काय सांगणार! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहावर आला की तुम्ही पेपरात पहिल्या पानावर. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवता, ठिबकनं पाणी सोडता. एवढी ज्याची द्राक्षावर माया, तो घरातल्या अडीच किलोच्या जिवाची ऊब मात्र बायकांवर सोपवून मोकळा होतो. हे कसं, एवढंच मला विचारायचंय.

उष्णता अंगातून कोणकोणत्या वाटांनी जाते ते शाळेत झालंय तुमचं, ते सोडते. दोनच गोष्टी सांगते. एक, तान्ह्या बाळाला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेभोवती, पाठीच्या फऱ्यांमध्ये, मूत्रपिंडांभोवती एक तपकिरी चरबी असते. ती जाळून ते ऊब तयार करतं आणि त्यात साखर आणि ऑक्सिजन दोन्ही खर्ची पडतात. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाकडे ही चरबीच तुटपुंजी. दुसरी, बाळाचं अंग ३६.५ ते ३७.५ अंशांच्या मध्ये राहायला हवं. ३६च्या खाली गेलं की बाळ मलूल होतं, दूध ओढत नाही. दूध नाही म्हणून आणखी गार पडतं. थर्मामीटर नसला तरी हात आहे. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही कोमट, तर झकास. पोट कोमट पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजतेय. दोन्ही गार, तर धोका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज तुमच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात, पोट-पाय बघतात, ते काम याच वाटेनं आलेलं आहे. ताई घरी आल्या की बाप्ये ओसरीवर जातात, हेही मी पाहिलंय.

आता पहिल्या रांगेतल्या आजी माझ्याकडे रोखून बघताहेत. बोला आजी. (“आमची पोरं शेगडीवरच वाढली, ती काय मेली का?”) टाळ्या वाजवू नका हो, उत्तर देऊ द्या. आजी, तुमच्या घराला कौलं होती. भिंती मातीच्या, दार फळ्यांचं, वर धुराडं. बाजेखालची शेगडी धुमसायची आणि धूर फटीफटीतून निघून जायचा. सुनेची खोली कशी आहे? वर स्लॅब, स्लायडिंगची खिडकी, आणि थंडी शिरू नये म्हणून दाराखालच्या फटीत पोतेरं. त्या खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यानं ठसका लागत नाही. रक्तातला ऑक्सिजन बाजूला सारून तो स्वतः जागा पटकावतो आणि झोपलेलं माणूस झोपेतच राहतं. शेगडी तीच आहे, घर बदललंय. ओवा-शेपांची, लसणाच्या सालीची धुरी द्यायचीच असेल तर अंगणात तुम्ही घ्या, बाळाच्या छातीला धूर सोसत नाही. रागावलात का? मालिश मात्र चालू ठेवा, ते मी कुणाला बंद करायला सांगत नाही. खोली उबदार ठेवा, उघडं अंग फार वेळ नको आणि नाकाकानात तेल नको, बस्स.

बाळाच्या उबेवरून एक सांगायचं राहील, थोडक्यात सांगते. १८८० साली पॅरिसमध्ये तार्निए नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. प्राण्यांच्या बागेत त्यांनी कोंबडीची अंडी उबवायची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी करून घेतली. काचपेटीचा, म्हणजे इन्क्युबेटरचा जन्म हा असा खुराड्यातून झाला. पुढची गोष्ट याहून अजब. मार्टिन कूनी नावाच्या माणसानं ही काचपेटी चक्क जत्रेत नेली! न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाळणे, झुले, सिंहांचे खेळ, आणि त्यातच एक दालन जिवंत तान्ह्या बाळांचं. १९०३ ते १९४३, चाळीस वर्षं. लोक २५ सेंट तिकीट काढून किलो-दीड किलोची बाळं बघायचे. त्या तिकिटातून नर्सचा पगार, दुधाचा खर्च निघायचा. आईबापाकडून एक पैसा घेतला नाही. इस्पितळांनी ज्यांची आशा सोडली होती ती बाळंही तिथं पोसली गेली. गंमत म्हणजे हा कूनी पदवीधर डॉक्टर होता का, याबद्दलच शंका आहे! १९११ साली तिथल्या ड्रीमलँड जत्रेला आग लागली, सगळं बेचिराख झालं, पण बाळं सगळी सुखरूप बाहेर काढली… अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, ‘पंधरा मिनिटे’. (हशा) बरं.

मुद्दा असा, की माणसानं उबेसाठी किती खटाटोप केला! आणि बरोबरच केला. १९५८ साली अमेरिकेत सिल्व्हरमन यांनी काचपेटीचं तापमान सुमारे तीन अंशांनी वाढवून पाहिलं. तेवढ्यानं जगणाऱ्या बाळांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास वाढलं. औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त तीन अंश.

आणि मग १९७८, कोलंबियातलं बोगोटा. एका काचपेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं, एकाचा जंतू दुसऱ्याला. डॉ. एद्गार रेय यांनी बाळाला फक्त लंगोट आणि टोपरं ठेवलं, आईच्या उघड्या छातीवर उभं बांधलं, वरून पांघरूण घातलं. त्याला आपण आज कांगारू पद्धत म्हणतो. पुष्कळांना वाटलं, हा गरिबांचा तात्पुरता इलाज. तो समज २०२१ साली पुसला गेला. भारतासह पाच देशांत १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या ३२११ बाळांचा अभ्यास झाला. आपल्याकडे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या बाळांत महिन्याच्या आतले मृत्यू १२ टक्के. आधी यंत्रांवर ठेवून मग छातीशी दिलेल्यांत १५.७.

आता माझा हट्ट. छाती आईचीच लागते असं नाही. वडिलांच्या छातीवरही बाळाचं तापमान टिकतं, हे तपासून झालंय. आजोबांची चालेल, काकांची चालेल. घरातला बाप्या ही न पेटवलेली शेगडी आहे! तिला कोळसा लागत नाही, वीज गेली तरी चालते, धूर सोडत नाही. (“काही सोडतात, बाई!” हशा) त्यांना आधी बिडी सोडायला सांगा. बिडी-सिगारेटचा वास अंगाला असेल तर बाळ मिळणार नाही, आंघोळ करून या. सिझरची आई टाके सांभाळत पडलेली असते, तिला दोन तास झोप हवी असते. तेव्हा शर्टाची बटणं काढा, बाळ छातीवर घ्या, मान एका बाजूला, नाक मोकळं, वरून आईची शाल. तासभर बसा. मोबाइल लांब.

घड्याळ दाखवू नका साहेब, ज्या विषयाला बोलावलंत तो आत्ता सुरू होतोय. (हशा) छातीवर घ्यायचं ते जागेपणी. डुलकी यायला लागली की बाळ त्याच्या जागी. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं सगळ्यांत वाईट. बाळ फटीत घसरतं आणि कळत नाही. त्याची जागा म्हणजे तुमच्याच खोलीत, हाताशी, घट्ट आणि सपाट गादी. बाळ पाठीवर. इंग्लंडात १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली ‘पाठीवर झोपवा’ अशी मोहीम निघाली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्याहून खाली आली. आजी म्हणतील, दूध वर आलं तर? पाठीवर असताना श्वासनलिका वर असते, अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध खालीच परततं. पालथ्यावर उलटं होतं.

मोहरीची उशी काढा. डोकं गोल करायचंय कशाला, त्याला काय प्रदर्शनात ठेवायचंय? लोड, मऊ खेळणी, जाडजूड गोधडी, सगळं बाहेर. झोळीत हनुवटी छातीला टेकते. झोका दिवसा, नजरेसमोर, रात्री नको. आपल्या अंगात जेवढे कपडे त्याहून एक जास्त, एवढा हिशेब पुरे. पांघरूण घालायचंच तर पातळ, काखेपर्यंत, कडा गादीखाली खोचलेल्या, पाय गादीच्या पायथ्याला म्हणजे बाळ खाली सरकत नाही. गुंडाळायचं तर कमरेखाली सैल, आणि कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद. गरम पाण्याच्या पिशवीनं गादी आधी उबदार करून घ्या, बाळ ठेवण्याआधी पिशवी काढा. मानेमागे घाम आला तर बाळ तापलंय, एक कपडा कमी. अतिऊब हीसुद्धा झोपेतली जोखीम आहे. बाळाच्या डोक्याचा पृष्ठभाग मोठा, जास्तीची उष्णता तिथून बाहेर पडते. अडीच किलोच्या आतल्या बाळाला टोपरं हवं, बंद नसलेलं, नाकावर न उतरणारं. भरल्या वजनाच्या बाळाला घरात झोपताना कुंची नको. बारशाला घाला, फोटो काढा, उतरवा.

चिठ्ठ्या पुष्कळ आल्यात, दोनच घेते. कुणीतरी विचारलंय, ‘छातीवरचे केस बाळाला टोचतात का?’ नाही टोचत, दादा. ती सबब चालणार नाही. दुसऱ्या चिठ्ठीवर नाव नाही, पण प्रश्न महत्त्वाचा: बाळ गार लागलं आणि दूध ओढत नाही, तर काय? तर छातीशी धरा, वरून पांघरा, तसंच धरून दवाखान्यात चला. १०८ला फोन करा, वाटेतही छातीवरून काढू नका. शेकत बसू नका.

आता आभारप्रदर्शन आहे, त्याआधी एक काम. मघापासून बघतेय, शेवटच्या रांगेत दोघी बाळं घेऊन बसल्यात आणि दोन्ही बाळांची तोंडं शालीत आहेत. ताई, आधी नाकावरची शाल काढा, इथूनच सांगते. शेजारी बसलेत ते बाळाचे वडील ना? त्यांच्याकडे द्या बाळ, आणि तुम्ही चहा घेऊन या.