खांबांमधला एक, बाकावरचा एक

गोलरक्षकाची जागा ही खेळातील सर्वांत एकाकी जागा होय. आघाडीच्या खेळाडूची चूक मधली फळी सावरते, मधल्या फळीची चूक बचावाची फळी सावरते. गोलरक्षक चुकला की मागे केवळ जाळे उरते. बर्फावरील हॉकीत हे एकाकीपण अधिकच जाणवते. सहा फूट रुंद व चार फूट उंच चौकटीपुढे तो पायांना जाड पॅड बांधून उभा असतो, आणि चेंडूऐवजी कठीण रबराची तीन इंच व्यासाची चकती त्याच्यावर येत असते. परंतु त्याच्याहूनही एकाकी असा एक जण तेथे असतो. तो म्हणजे तोच सारा साज अंगावर चढवून बाकावर बसलेला दुसरा गोलरक्षक.

दोन गोलरक्षक सज्ज ठेवण्याचा दंडक उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगने १९६५ च्या सुमारास घातला. त्याच वर्षी टोरोंटोच्या जॉनी बोअर व टेरी सॉचुक यांनी व्हेझिना पारितोषिक वाटून घेतले. जोडीचे मोल जोडी म्हणूनच करावे, हा विचार तेव्हापासून रूढ होत गेला.

कॅनडाच्या कुमार संघाच्या इतिहासात या विचाराची कसोटी वारंवार लागलेली दिसते. वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक स्पर्धा नाताळाच्या सुमारास सुरू होते व नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आटोपते. एवढ्या अल्प काळात दोघांना समान संधी मिळणे कठीणच.

२००४ साली हेलसिंकी येथे मार्क-आंद्रे फ्लेरी खांबांमध्ये होता, तर जोश हार्डिंग त्याचा जोडीदार. अमेरिकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात फ्लेरीने दूर धाडू पाहिलेली चकती स्वतःच्याच सहकाऱ्यावर आदळून जाळ्यात गेली आणि कॅनडा ४-३ असा हरला. २००६ साली व्हँकुव्हरला जस्टिन पोगीने सहाही सामने खेळून तिघांत एकही गोल होऊ दिला नाही. अंतिम सामन्यात रशियाचा ५-० असा पराभव झाला. डेव्हन डुबनिकला क्षणभरही उतरावे लागले नाही. २००८ साली चेक प्रजासत्ताकात जोनाथन बर्निए स्वीडनविरुद्ध हरला. मग स्टीव्ह मेसनवर भार आला. त्याने अंतिम सामन्यात त्याच स्वीडनला जादा वेळेत ३-२ असे नमवले आणि तो स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

यांत श्रेष्ठ जोडी कोणती? गोलांचा हिशेब मांडला तर २००६ ची. परंतु त्या यशात जोडीचा भाग किती, हा प्रश्न उरतोच. एक ढळला असता दुसऱ्याने सावरले, ही खूण मानली तर मान २००८ च्या जोडीकडे जातो; दुसऱ्या गोलरक्षकाचे प्रयोजन तेथे प्रत्यक्ष सिद्ध झाले.

काळाने मात्र तिसराच हिशेब मांडला. अजिंक्य ठरलेल्या पोगीच्या वाट्याला नॅशनल हॉकी लीगचे अवघे सात सामने आले. बाकावरचा डुबनिक २०१४ साली एका संघातून दुसऱ्या संघात जात दुय्यम लीगपर्यंत घसरला. पण २०१५ च्या जानेवारीत मिनेसोटा संघात येताच त्याने सलग ३८ सामन्यांत प्रारंभापासून गोल राखला. हार्डिंगला २०१२ साली मज्जासंस्थेच्या दुर्धर विकाराने गाठले. तरी त्याच मिनेसोटाकडून परतल्यावर आरंभापासून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात त्याने एकही गोल होऊ दिला नाही. चिकाटी व निष्ठा यांसाठी दिले जाणारे मास्टर्टन पारितोषिक हार्डिंगला २०१३ साली आणि डुबनिकला २०१५ साली मिळाले. दोघेही कुमारवयात जोडीतले 'दुसरे' होते. उलट, फ्लेरीने २०१७ चा स्टॅन्ले चषक जिंकला तो अंतिम फेरीत बाकावर बसून. खांबांमध्ये तेव्हा तरुण मॅट मरे होता.

एकोणिसाव्या वर्षी प्रशिक्षक जी निवड करतो, ती दहा दिवसांपुरतीच खरी असते. त्या निवडीला आयुष्याचा निवाडा मानण्याची चूक प्रेक्षक करतात, कधी खेळाडूही करतात. ज्या जोडीतल्या बाकावरच्या तरुणाने ती चूक केली नाही, ती जोडी मोठी. मग पदक कोणत्याही धातूचे असो.