बांधकाम कारागिराची दोन कार्डे

बांधकामावर राबणाऱ्या माणसाच्या खिशात दोन वेगळे कागद असू शकतात. एक कामगार कल्याण मंडळाचे ओळखपत्र. मजुरांच्या अड्ड्यावर त्याला नुसते ‘लेबर कार्ड’ म्हणतात. हा माणूस बांधकाम कामगार आहे, एवढेच ते सांगते. दुसरा कौशल्याचा दाखला. गवंडी, सेंट्रिंग मिस्त्री, सळई बांधणारा किंवा टाइल्स फिटर म्हणून या माणसाची परीक्षा झाली आहे, असे तो सांगतो. लेबर कार्ड दाखवून कुशल कारागिराची मजुरी मागणारा आणि कौशल्याचा दाखला घेऊन मंडळाकडे मुलीच्या लग्नाची मदत मागायला जाणारा, दोघेही हात हलवत परत येतात. ऑगस्ट 2021 पासून सुरू झालेल्या ई-श्रम कार्डाने या गोंधळात भर घातली. ती असंघटित कामगारांची देशव्यापी नोंद आहे. तिच्यावर बारा आकडी क्रमांक असतो, पण हाताच्या कसबाची परीक्षा तिच्यात कुठेच नसते.

तेलंगणातल्या मंचेरियल जिल्ह्यात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सिंगरेणीच्या कोळसा खाणींचा, सिमेंटचा आणि जयपूर मंडलातील 1200 मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राचा. प्राणहिता ओलांडली की महाराष्ट्रातला सिरोंचा तालुका. काझीपेट–बल्लारशा रेल्वेमार्ग मंचेरियलमधूनच जातो, त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मराठी माणसाला इथल्या कामावर येणे अवघड नाही. काम राज्याची सीमा ओलांडून मिळते, नोंदणी मात्र राज्याच्या मंडळाकडेच होते. महाराष्ट्राच्या मंडळाचे कार्ड असलेला कामगार तेलंगणात आला, तर इथल्या मंडळाच्या योजना त्याला आपोआप लागू होतात असे धरून चालणे धोक्याचे आहे. कौशल्याच्या दाखल्याचे तसे नाही. राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट डिसेंबर 2013 मध्ये अधिसूचित झाली आणि त्या चौकटीत दिलेला दाखला देशभर एकच असतो.

लेबर कार्डाची अट साधी आहे. वय 18 पूर्ण, 60 च्या आत, आणि मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम. ही अट 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने घातली. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, तरी सामाजिक सुरक्षा संहितेत ती तशीच राहिली आहे. मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावर लावलेल्या उपकरातून येतो. हा उपकर एक टक्का असतो आणि तो बांधकाम करवून घेणाऱ्याने भरायचा असतो, कामगाराने नव्हे. कामगाराचा वाटा नाममात्र असतो. म्हणून कार्ड काढून देण्यासाठी कोणी हजारांची मागणी केली, तर तो सरकारी दर नाही एवढे नक्की. तेलंगणात अर्ज मी-सेवा केंद्रातून जातो आणि पडताळणी कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे होते.

खरी अडचण 90 दिवसांच्या पुराव्याची. जो रोज सकाळी अड्ड्यावर उभा राहतो आणि आज याच्याकडे तर उद्या त्याच्याकडे जातो, त्याला लेखी दाखला देणार कोण? 1996 च्या कायद्यात यावर एक चांगली तरतूद होती, जी बहुतेकांना ठाऊकही नव्हती. कामगाराने केलेल्या कामाचा तपशील मालकाने त्याच्या ओळखपत्रात भरायचा, त्यावर सही करायची आणि ओळखपत्र परत द्यायचे. हे नियमाने झाले असते, तर प्रत्येक गवंड्याकडे वीस वर्षांच्या कामाची वही तयार असती आणि पुढची अर्धी कटकट मिटली असती. तसे झाले नाही. त्यामुळे कामगारानेच एका वहीत तारीख, जागा, कामाचा प्रकार आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून ठेवणे व्यवहाराचे ठरते. घरमालकाची वा ठेकेदाराची सही काम संपता संपताच घेतलेली बरी. सहा महिन्यांनी तो माणूस सापडत नाही.

कौशल्याच्या दाखल्याला दोन वाटा आहेत. नवशिक्यासाठी प्रशिक्षण, आणि मुरलेल्या कारागिरासाठी ‘पूर्वानुभवाची मान्यता’. पहिल्या वाटेवर औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणजे आयटीआय आहेत. हैदराबादची राष्ट्रीय बांधकाम अकादमी, म्हणजे 1998 पासून चालणारी ‘न्याक’, हीदेखील आहे. ग्रामीण आवास योजनेखाली गवंड्यांसाठी 45 दिवसांचे प्रशिक्षण ठेवलेले आहे. त्यात शिकणारा खरेच एखाद्या लाभार्थ्याचे घर बांधतो. कागदावर शिकवलेल्या कितीतरी अभ्यासक्रमांपेक्षा ही पद्धत शहाणपणाची.

दुसरी वाट पंचेचाळिशीच्या मिस्त्रीसाठी आहे. त्याला पुन्हा शाळेत बसवण्यात अर्थ नाही. 2015 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वानुभवाच्या मान्यतेची सोय करण्यात आली. नोंदणी होते, थोड्या तासांचा परिचयवर्ग होतो आणि मग बाहेरच्या संस्थेचा परीक्षक येऊन परीक्षा घेतो. शिकवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, हा या पद्धतीचा कणा. योजनेखाली घेतलेल्या परीक्षेसाठी उमेदवाराला पैसे भरावे लागत नाहीत. बांधकाम क्षेत्रासाठी कोणत्या कामाला काय यायला हवे, हे भारतीय बांधकाम कौशल्य विकास परिषद ठरवते. मदतनीस, सहायक गवंडी, गवंडी अशा पायऱ्या असतात आणि आपण कोणत्या पायरीसाठी बसतो आहोत हे नोंदणीच्या वेळीच पाहून घ्यावे लागते. पंधरा वर्षे भिंती चढवणाऱ्याला घाईघाईत मदतनीस म्हणून बसवले, तर हाती येणारा दाखला त्याला खालीच खेचतो. बायकांच्या बाबतीत हे सर्रास घडते. त्या गिलाव्याला हात लावतात, फरशी भरतात, पण यादीत त्यांच्या नावापुढे बिगारीच लिहिलेले असते.

परीक्षेत प्रत्यक्ष काम असते आणि प्रश्नही असतात. प्रत्यक्ष कामात जुना गवंडी सहसा अडत नाही. ओळंबा, दोरी आणि गुण्या त्याच्या हातात बसलेले असतात. तो अडतो तोंडी प्रश्नांत. विटा आधी का भिजवायच्या, या प्रश्नावर ‘आम्ही तसेच करतो’ हे उत्तर पुरत नाही. कोरडी वीट मसाल्यातले पाणी शोषून घेते, मग सिमेंटला धरायला पाणी उरत नाही आणि सांधा कच्चा राहतो, एवढे सांगता आले पाहिजे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी का मारायचे, स्लॅबच्या सळईखाली कव्हर ब्लॉक का ठेवायचे, एकास सहा आणि एकास चार मसाला कुठे कुठे वापरायचा, हे प्रश्नही याच जातीचे. सळई उघडी राहिली की तिला गंज चढतो, फुगलेला गंज काँक्रीट फोडतो. दहा वर्षांनी घरमालकाला ओल दिसते, कारण मात्र सळई बांधण्याच्या दिवशीचे असते. हेल्मेट, उंचीवरचा पट्टा आणि परांचीची योग्य बांधणी यांवरही प्रश्न येतात आणि नेमके तिथेच अनुभवी माणसे बेफिकीर उत्तरे देऊन गुण घालवतात. परीक्षा कोणत्या भाषेत हवी, हे आधी सांगून ठेवणे गरजेचे. प्रश्न तेलुगूत आले, म्हणून मराठी मिस्त्री नापास व्हायला नको.

कागदपत्रांत सर्वात जास्त घोटाळा नावाचा होतो. तेलंगणात घराण्याचे नाव आधी, अनेकदा आद्याक्षरापुरते, लिहितात. महाराष्ट्रात स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असा क्रम असतो. सिरोंच्याच्या कामगाराचे आधार एका क्रमाने आणि इथल्या बँकेचे पासबुक दुसऱ्या क्रमाने असेल, तर संगणकाला ती दोन माणसे वाटतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असणे तितकेच महत्त्वाचे, कारण ओटीपी तिथेच जातो आणि अड्ड्यावर सिमकार्डे वर्षाला बदलतात. आताचे दाखले डिजिटल असून त्यांवर क्यूआर कोड असतो. तो मोबाइलने तपासता येतो. कोड नसलेला, नुसता रंगीत छापलेला दाखला पाहून सावध व्हावे.

दाखला मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी मजुरी वाढते, असे नाही. अड्ड्यावर आजही ओळख आणि हाताचे कामच चालते, आणि घरमालक कागद मागत नाही. दाखल्याला किंमत येते ती मोठ्या ठेकेदाराकडे. तिथे हजेरीपटावर कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने असतात आणि किमान वेतन त्याप्रमाणे ठरते. काही कामांना तर कौशल्याचा दाखलाही पुरत नाही. विजेच्या वायरिंगला राज्याच्या विद्युत खात्याचा परवाना लागतो. वीज केंद्राच्या बॉयलरच्या नळ्या जोडणाऱ्या वेल्डरला बॉयलर नियमांखालची वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि तिचा दाखला ठरावीक मुदतीने नवा करावा लागतो. साइटवर दिलेले सुरक्षा-प्रशिक्षणाचे कार्डही त्या साइटपुरतेच असते.

आखाताची वाट धरणाऱ्यांसाठी हिशेब आणखी वेगळा. करीमनगर, जगित्याल, निझामाबाद या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिकडे गेली आहेत. सौदी अरेबियाने आता प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर यांसारख्या कामांसाठी स्वतःची कौशल्य पडताळणी परीक्षा भारतातच घ्यायला सुरुवात केली आहे. भारतीय दाखला असला तरी ती द्यावी लागते. 2024 मध्ये इस्रायलसाठी निवड झाली, तेव्हाही सेंट्रिंग, सळई, टाइल्स आणि गिलावा या चार कामांची प्रत्यक्ष परीक्षा घेऊनच माणसे घेतली गेली. परदेशी भरतीसाठी तेलंगण सरकारची ‘टॉमकॉम’ ही कंपनी आहे. खासगी एजंटाकडे जायचे असेल, तर त्याचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहता येतो. दहावी न झालेल्या कामगाराला आखाती देशांत जाण्यापूर्वी उत्प्रवास खात्याची मंजुरी लागते. पर्यटक व्हिसावर नेऊन ही मंजुरी टाळणारा एजंट भेटला, तर त्या कामगाराच्या हातात कोणताही दाखला असला तरी तिकडे त्याचा उपयोग होत नाही.