ग्राइंडरची उंची कोपरावरून ठरवा

(वर्कशॉपमधील शाखेच्या मासिक सभेत केलेले भाषण)



बोनस, बढत्या आणि बदल्या यांवर आज पुष्कळ चर्चा झाली. आता थोडा वेळ मी एका मशीनच्या उंचीवर बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. पण आपल्या शॉपमध्ये नवा बेल्ट ग्राइंडर आला आहे, तो अजून पेटीत आहे आणि त्याचे स्टँड अजून वेल्ड व्हायचे आहे. एकदा फाउंडेशन बोल्टभोवती काँक्रीट भरले, की पुढची पंधरा-वीस वर्षे त्या उंचीला कोणी हात लावत नाही. मशीन आहे तिथे राहते, माणूस वाकत राहतो. म्हणून बोलायचे ते आताच.

सध्या ही उंची ठरते कशी? स्टोअरमध्ये जो अँगल शिल्लक असेल तो कापायचा, जुन्या टेबलाएवढे स्टँड बनवायचे आणि वर मशीन ठेवून द्यायचे. कधी मशीनबरोबर बाहेरदेशी आखलेले तयार स्टँड येते. आपल्याकडच्या पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास. युरोपातल्या पुरुषाची त्याहून दहा ते पंधरा सेंटीमीटर जास्त. त्याच्या मापाचा अंगरखा आपण घालणार नाही, पण त्याच्या मापाचे स्टँड मुकाट्याने घेतो. भारतीय माणसांची शरीरमापे देणारे देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ सालीच प्रसिद्ध केले. आपल्या लोकांची मापेच मिळत नाहीत, ही सबब तेव्हापासून उरलेली नाही.

आता माप कशाचे घ्यायचे? टेबलाचे नव्हे, मशीनच्या बेसचेही नव्हे. पट्टा आणि जॉब जिथे एकमेकांना भिडतात, त्या जागेचे. प्लेटनवर काम असेल तर प्लेटनचा मध्य. कॉन्टॅक्ट व्हीलवर असेल तर व्हीलचा पुढचा भाग, साधारण शाफ्टच्या पातळीला. जमिनीपासून ही जागा किती वर आहे आणि काम करणाऱ्याचे कोपर किती वर आहे, या दोन आकड्यांची सांगड घालायची आहे. फिटर मंडळींना यात नवे काही नाही. वाईस बसवताना जबडे कोपराच्या पातळीला हवेत, हे आयटीआयमध्येच शिकवले जाते. वाईसला लावलेला नियम ग्राइंडरपाशी आलो की आपण विसरतो, एवढेच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९६ च्या ‘अर्गोनॉमिक चेकपॉइंट्स’ या पुस्तकातही हेच आहे: कामाची उंची कोपराच्या पातळीला, किंवा किंचित खाली.

कोपर मोजण्याची रीत सोपी आहे. कामाचे बूट घालून सरळ उभे राहायचे. बूट काढून मोजाल तर दोन-तीन सेंटीमीटरचा फरक पडेल. खांदे सैल सोडायचे, दंड अंगाला लागून, पुढचा हात काटकोनात, आणि सहकाऱ्याने जमिनीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत टेप लावायची. अंदाजासाठी, अनवाणी कोपराची उंची ही माणसाच्या उंचीच्या साधारण ६३ टक्के असते.

पण काम कोणते, हेही पाहावे लागते. हलक्या जॉबची बर काढायची असेल तर संपर्काची जागा कोपराएवढी किंवा पाचेक सेंटीमीटर खाली ठेवा. म्हणजे कोपरे बरगड्यांना टेकतात आणि हात स्थिर राहतो. छिन्नीची धार लावताना नजर रेषेवर ठेवावी लागते. तिथे थोडे वर चालेल. कास्टिंगवरचा जाड भाग उडवायचा, अंगाचा भार देऊन दाबायचे, तर दहा-पंधरा सेंटीमीटर खाली. तिन्ही कामे एकाच ग्राइंडरवर होत असतील तर दिवसाचे जास्त तास ज्यात जातात त्या कामाचे माप धरा.

उंची चुकली की काय होते? मशीन उंच असेल तर खांदे कानांकडे जातात. दंड वर धरून ठेवलेला स्नायू आखडलेलाच राहतो, त्यात रक्त नीट खेळत नाही, आणि ठिणग्या व धूळ तोंडाच्या जवळ येतात. मशीन खाली असेल तर कंबर आणि मान वाकते, डोके पट्ट्यावर झुकते. संध्याकाळी मान अवघडली की आपण म्हणतो, वय झाले. पंचविशीतला अप्रेंटिसही जेव्हा तसेच म्हणतो, तेव्हा तरी टेप काढायला हवी. आणि थकलेल्या हातातून जॉब निसटतो तो पट्ट्याकडेच.

आता खरी अडचण. ग्राइंडर एक, पाळ्या तीन आणि माणसे निरनिराळ्या उंचीची. १७८ सेंटीमीटरच्या माणसाचे कोपर ११२ वर, १६५ वाल्याचे १०४ वर, आणि १५२ सेंटीमीटर उंचीच्या आपल्या टेक्निशियन भगिनीचे ९६ वर. सोळा सेंटीमीटरचा फरक! ‘सरासरी धरा’ म्हणणारे पुष्कळ भेटतील; सरासरीने दोघांचेही अंग दुखते. पहिली मागणी स्क्रूवर वर-खाली होणाऱ्या आणि पक्के लॉक होणाऱ्या स्टँडची. ते मिळत नसेल तर मशीन सर्वांत उंच माणसाच्या मापाने बसवा आणि बाकीच्यांना पायाखाली प्लॅटफॉर्म द्या. उंच माणसासाठी जमीन खणता येत नाही. आपल्या उदाहरणात आठ आणि सोळा सेंटीमीटरचे दोन प्लॅटफॉर्म पुरतील.

प्लॅटफॉर्म म्हणजे जुन्या स्लीपरचा तुकडा किंवा उलटा खोका नव्हे! दोन्ही पाय मोकळे हलतील एवढा लांब-रुंद, वर चेकर्ड प्लेट, स्टँडला अडकवलेला, कडा पिवळ्या रंगवलेल्या. स्टँडखाली पायाची बोटे आत जातील एवढी जागा हवी, नाहीतर माणूस मागे उभा राहतो आणि पुन्हा वाकतो. उंच स्टँड थरथरते, तेव्हा पाया रुंद आणि आडव्या-तिरप्या पट्ट्या मजबूत हव्यात. स्टॉपचे बटण प्रत्येकाच्या हाताशी यावे.

आज पोस्टातले सहकारी इथे आहेत. मेल मोटर सर्व्हिसच्या वर्कशॉपवाल्यांना हे जसेच्या तसे लागू आहे. आरएमएसवाल्यांकडे ग्राइंडर नाही, पण शिक्के मारायचे टेबल आहे, सॉर्टिंगचे कप्पे आहेत. टेबलाला कोपराचेच माप लावा, आणि जास्त टपाल पडणारे कप्पे खांद्याच्या वर ठेवू नका.

साहेब विचारतील, हे तुम्हाला कोणी सांगितले? भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात ४१-जी कलम आले आणि सुरक्षा समितीत कामगारांना व्यवस्थापनाइतक्याच जागा मिळाल्या. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सुरक्षा समितीची तरतूद आहे. त्या समितीत आपले प्रतिनिधी बसतात ते फक्त चहासाठी नव्हे. स्टँडची उंची हा त्या टेबलावरचा विषय आहे.

तेव्हा उद्या पहिल्या पाळीपासून ग्राइंडरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने कोपर मोजून घ्यावे. टेप शाखा कार्यालयात ठेवली आहे. नाव, उंची, कोपराचे माप आणि कामाचा प्रकार, एवढेच वहीत लिहा. शनिवारी ती यादी सुरक्षा समितीकडे जाईल. स्टँड वेल्ड करण्यापूर्वी मशीन लाकडी पॅकिंगवर घट्ट क्लॅम्प करून, वीज तोडून, प्रत्येकाने जॉब हातात धरून उभे राहावे, आणि दुसऱ्याने बाजूने पाहावे. ज्याला वाकायची सवय झाली आहे त्याला आपण वाकलो आहोत हे कळत नाही. खांदा उचलला गेला किंवा मान खाली गेली, की तिथल्या तिथे पॅकिंग बदला. जो आकडा ठरेल तो स्टँडच्या ड्रॉइंगवर लिहून घ्या आणि त्याखाली समितीतल्या आपल्या प्रतिनिधीची सही घ्या.