चाळीस तासांचा आठवडा आला कुठून?

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, आज गोष्ट जरा गंभीर आहे.

पाच दिवस काम, दोन दिवस सुट्टी, आठवड्याला चाळीस तास. आयटीतल्या बऱ्याच ऑफर लेटरमध्ये हे एका ओळीत लिहिलेलं असतं. आपण ती ओळ वाचतो आणि थेट पगाराच्या आकड्यावर जातो. मध्यंतरी आपल्याकडे ‘तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं’ यावरून सोशल मीडियावर जोरदार भांडण झालं. तेव्हा माझ्या डोक्यात एक साधा प्रश्न आला. मुळात हा ४० आकडा ठरवला कुणी? शोधत गेलो तर पोचलो अमेरिकेत, एका कापड गिरणीत.

मॅसेच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या काठी लोवेल नावाचं गाव आहे. १८२० च्या दशकात तिथे गिरण्या उभ्या राहिल्या. नदीच्या पाण्यावर चालणारी यंत्रं, एकाच छताखाली कापूस आत आणि कापड बाहेर. त्या काळातलं हे सगळ्यात भारी स्टार्टअप म्हणा ना. कापूस यायचा दक्षिणेकडून, तिथल्या गुलामांनी वेचलेला. यंत्रांवर काम करायला आल्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. बऱ्याचशा पंधरा ते तीसच्या दरम्यानच्या. पहिल्यांदाच घराबाहेर, पहिल्यांदाच स्वतःचा पगार. राहायला कंपनीचं बोर्डिंग, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जाणं सक्तीचं.

आणि घंटा. उठायची घंटा, आत जायची घंटा, जेवणाची घंटा. शेतात दिवस सूर्यावर चालायचा. इथे तो घंटेवर चालायला लागला, आणि घंटेची दोरी मालकाच्या हातात. दिवसाला बारा-तेरा तास, आठवड्याचे सहा दिवस. गोळाबेरीज साधारण ७३ तास. म्हणजे आपल्या त्या वादातल्या ७० पेक्षा तीन जास्तच.

१८३४ मध्ये कंपन्यांनी पगार कापायचं ठरवलं, तेव्हा सुमारे ८०० मुली काम सोडून रस्त्यावर आल्या. १८३६ मध्ये बोर्डिंगचं भाडं वाढवल्यावर पुन्हा संप झाला. मग सारा बॅगली नावाची एक कामगार पुढे आली. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी बायकांची संघटना काढली, आणि दिवसाला दहाच तास काम हवं म्हणून सह्या गोळा करून राज्याच्या विधिमंडळाकडे अर्ज दिला. १८४५ मध्ये समिती बसली. बायकांनी समोर उभं राहून साक्षी दिल्या. हवा कोंदट असते, दिवे धूर ओकतात, जेवायला पुरता वेळ नसतो, तब्येत ढासळते.

समिती म्हणाली, त्रास आहे खरा, पण त्यावरचा उपाय आमच्या हातात नाही. कामगार आणि मालक आपसात ठरवतील.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची जवळजवळ शंभर वर्षं भांडण याच वाक्याशी आहे. ‘आपसात ठरवतील’ ऐकायला किती बरोबर वाटतं! पण एका बाजूला गिरणी, बोर्डिंग आणि घंटा, तीनही गोष्टींचा मालक. दुसऱ्या बाजूला एकटी मुलगी, जिने नाही म्हटलं तर तिच्या जागी उद्या दुसरी उभी. यात ठरवणार काय?

त्या बायकांना मतदानाचा हक्क नव्हता. तरीही समितीचा अध्यक्ष पुढच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्यांनी त्याच्याविरुद्ध मोहीम काढली, आणि तो पडला. दहा तासांचा कायदा मात्र मॅसेच्युसेट्समध्ये आला १८७४ मध्ये. अर्जानंतर २९ वर्षांनी, आणि तोही फक्त बायका आणि मुलांसाठी. जाता जाता एक गोष्ट, माझ्यासारख्या टेकवाल्यांसाठी. सारा बॅगली पुढे १८४६ मध्ये तार ऑफिसात लागली, आणि अमेरिकेतल्या अगदी पहिल्या महिला तारयंत्र ऑपरेटरांपैकी एक ठरली.

आता उडी मारू न्यूयॉर्कला. १९०९. गिरण्यांची जागा उंच इमारतींतल्या शिवणकामाच्या कारखान्यांनी घेतलीये. मुली आता इटलीतून आणि पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्यांतून आलेल्या. नोव्हेंबरमध्ये एका मोठ्या सभेत पुढारी भाषणांवर भाषणं देत होते. तेवढ्यात क्लारा लेमलिच नावाची तेवीस वर्षांची मुलगी उठली आणि तिच्या यिडिश भाषेत म्हणाली, बोलणं पुरे, संपाचा ठराव घ्या. हजारो मुली संपावर गेल्या. बऱ्याच कारखान्यांनी युनियनशी करार केला. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीने नाही केला.

२५ मार्च १९११, शनिवार. सुटायची वेळ झालेली. ट्रँगलचा कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. आठव्या मजल्यावर कपड्याच्या तुकड्यांनी पेट घेतला. आठव्यावरून फोन गेला दहाव्यावर, जिथे मालक बसायचे. ते गच्चीवरून निसटले. मधल्या नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टिम बंद पडली की पहिला प्रश्न विचारतो, अलर्ट कुणाला गेला? या प्रश्नाचं इतकं भयंकर उत्तर मी दुसरं वाचलेलं नाही.

नवव्यावरच्या मुली जिन्याकडे धावल्या. एक दार कुलूपबंद होतं. का? तर कुणी कापड चोरून नेऊ नये म्हणून सगळ्यांना एकाच दाराने बाहेर सोडायचे, पर्स तपासून. आगीच्या वेळी उतरायची लोखंडी शिडी वजनाने कोसळली. लिफ्टवाल्यांनी जमेल तितक्या खेपा मारल्या. अग्निशमन दल आलं, पण त्यांची शिडी पोचत होती सहाव्या मजल्यापर्यंत. मुलींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. १४६ जण गेले. बहुतेक मुली, कित्येक विशीच्या आतल्या.

मालकांवर खटला चालला, ते सुटले. पुढे काही कुटुंबांना भरपाई मिळाली, माणसामागे ७५ डॉलर.

त्या दिवशी जवळच एका घरी फ्रान्सिस पर्किन्स नावाची तीस वर्षांची समाजकार्यकर्ती चहाला आली होती. ती धावत गेली, आणि खाली उभं राहून तिने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. राज्याने कारखान्यांची चौकशी करायला आयोग नेमला, तेव्हा ती पुढाऱ्यांना अक्षरशः ओढत कारखान्यांत घेऊन गेली. सिनेटर वॅग्नर यांना तिने भिंतीतल्या एका भोकातून बाहेर सरपटायला लावलं, कारण मालक त्यालाच ‘आगीच्या वेळचा रस्ता’ म्हणत होता. बाहेर बर्फाने माखलेली शिडी! कागदावरचा नियम आणि प्रत्यक्षातलं दार यांतला फरक त्यांना तिथे कळला असणार.

पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्कने तीसहून जास्त कायदे केले. दारं उघडी ठेवा, आगीचा सराव करा, पाण्याचे फवारे बसवा, कामाचे तास कमी करा. आणि १९३३ मध्ये हीच पर्किन्स अमेरिकेची कामगार मंत्री झाली, तिथल्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. १९३८ चा कामगार कायदा तिच्या काळातला. ताशी किमान २५ सेंट, कारखान्यांतल्या बालमजुरीवर बंदी, आणि आठवड्याचे तास टप्प्याटप्प्याने १९४० पर्यंत ४० वर. त्याहून जास्त काम करून घ्यायचं असेल तर दीडपट पगार.

हा आपला ४०. तो कुणा मॅनेजरच्या मनाच्या मोठेपणातून आलेला नाही.

पण गोष्ट इथे गोड करून संपवायची नाही. त्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेतली बरीचशी काळी माणसं नेमकी याच कामांत होती. म्हणजे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी लोवेलचा कापूस वेचला, त्यांच्यासाठी हा दरवाजा तेव्हाही बंदच राहिला.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेऊन, सह्या गोळा करून ती मागितली तेव्हा. लोवेलच्या मुलींचाच रस्ता. लोखंड्यांवर आपण वेगळा एपिसोड करूच.

शेवटी माझ्या मनात राहिलेलं एक सांगतो. ७० तास चांगले की वाईट, हा वाद घालणारे दोघेही बहुतेक वेळा एसीत बसलेले असतात. स्वतःच्या आवडीने, स्वतःच्या कंपनीसाठी कुणी नव्वद तास काम करावं, कोण अडवतंय? प्रश्न तासांचा कमी आणि घंटेच्या दोरीचा जास्त आहे. आज ती दोरी आपल्या खिशात आहे, फोनमध्ये. वीस मिनिटांत ऑर्डर पोचवणाऱ्या मुलासाठी ती ॲप ओढतं. त्याला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि म्हटलं तर उद्या त्याला काम मिळतं का, हे पुढच्या वेळी दार उघडाल तेव्हा त्याला विचारा. घाईत नसला तर सांगेल. बहुतेक घाईतच असेल.

एपिसोड आवडला तर ज्याला रविवारीही कामाचे मेसेज येतात त्या मित्राला पाठवा. सोमवारी पाठवा हां! भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.