घरात कॅन्सर, वर्गात मूल



श्रोत्यांत शिक्षक बरेच दिसताहेत, म्हणून प्रस्तावना आटोपती घेतो.

मुंबईत परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय १९४१ सालचं. तिथे गावोगावची माणसं येतात, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्‌महिने मुक्काम करतात. आई उपचाराला, सोबत वडील; मागे नववीतली मुलगी. भाकऱ्या थापायच्या, आजीला चहा द्यायचा, धाकट्याचं दप्तर भरायचं आणि मग शाळा गाठायची. प्रार्थना चुकते, आणि आपण तिला मैदानावर उभं करतो.

या आजाराच्या उपचारांना वेळापत्रक असतं. केमो पुष्कळदा दर २१ दिवसांनी, रेडिएशन बहुधा आठवड्याचे पाच दिवस, असं कित्येक आठवडे. वर्गशिक्षकाने घरच्यांना विचारून त्या तारखा वहीत टिपून ठेवल्या, तर गृहपाठ का राहिला हे चारचौघांत विचारायची वेळ येत नाही. केमोनंतर काही दिवस रुग्णाच्या पांढऱ्या पेशी घटतात. वर्गात कुणाला कांजिण्या निघाल्या, तर त्या घरी त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. पुढचं त्यांचे डॉक्टर बघतील. हे काम शाळेशिवाय दुसरं कोण करणार?

आता बोलायचं काय? दुसरीतल्या पोराला वाटत असतं, मी हट्ट केला म्हणून आईला हे झालं. शेजारच्याला घरून ताकीद असते, त्याच्या डब्यातलं खाऊ नकोस. दोघांनाही स्वच्छ सांगा: हट्टाने कॅन्सर होत नाही, डबा वाटून खाल्ल्याने लागत नाही. ‘आई नक्की बरी होईल’ असं वचन मात्र देऊ नका. ते आपल्या हातात नाही. आणि वर्गाला सांगायचं की नाही, हे आधी त्या मुलाला आणि पालकांना विचारा. काही मुलांना शाळा हवी असते ती तिथे आजाराचं नाव निघत नाही म्हणूनच. त्यांना खुशाल कबड्डी खेळू द्या. परिपाठात सगळ्या शाळेकडून प्रार्थना म्हणवून घेणारे मुख्याध्यापक मनाने चांगलेच असतात, पण त्या पोराला जमिनीत गडप व्हावंसं वाटतं.

सर्वांत अवघड प्रसंग तंबाखूविरोधी कार्यक्रमाचा. तंबाखूमुक्त शाळेची शपथ होते, भिंतीवर सडलेल्या गालाचं चित्र लागतं, पाहुणे म्हणतात, ‘खाल तर भोगाल!’ तिसऱ्या बाकावरच्या मुलाच्या बापाचा अर्धा जबडा काढलेला असतो. कार्यक्रम जरूर करा, आपल्याकडे त्याची गरज आहेच. पण त्या मुलाला आदल्या दिवशी कल्पना द्या; नको वाटलं तर त्या तासाला ग्रंथालयात बसू द्या. पाहुण्यांनाही बजावा, की पुडी कशी विकली जाते, निकोटिनची तलफ का सुटत नाही, हे सांगा. खाणाऱ्याची अब्रू काढू नका. मुलगा वर्गात थांबला आणि त्याने काही विचारलं, तर उत्तर द्या. नाही विचारलं, तर उगाच त्याच्याकडे वळून वळून पाहू नका.