इतका उशीर का केलात?

(एका स्त्री-गटाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशातल्या अनुभवांबद्दल बोल, असं मला सांगण्यात आलंय. बर्फ, रेल्वे आणि भांडी घासायचं यंत्र यांबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. आजारी मुलाला डॉक्टरकडे नेणं.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी मुंबईत एका सरकारी रुग्णालयाच्या मुलांच्या वॉर्डात काम केलं. तापानं फणफणलेलं पोर घेऊन बाई यायची आणि मी विचारायची, “इतका उशीर का केलात?” ती पदराशी चाळा करत गप्प बसायची. मी कागदावर लिहायची, ‘आईचा निष्काळजीपणा’. हे आज सांगायला लाज वाटते, पण लिहिलंय मी.

२०१९ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला गेलो. माझा व्हिसा ‘डिपेंडंट’. मुलगा अडीच वर्षांचा होता. पहिल्याच थंडीत त्याला ताप भरला. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन नंबर लावायचा, एवढंच. तिथं आधी जी.पी.कडे, म्हणजे आपल्या भागातल्या डॉक्टरकडे नाव नोंदवावं लागतं आणि मग वेळ घ्यावी लागते. आमची नोंदणी झाली होती, पण फॉर्म नवऱ्यानं भरले होते आणि फोन नंबर त्याचा दिला होता. तो कामावर, फोन बंद. मी सकाळपासून तो घरी येण्याची वाट पाहत बसले. इंग्रजी येत होतं, डिग्री होती, दवाखाना पंधरा मिनिटांवर होता. तरी बसले. ‘इथलं त्यालाच कळतं’ हे मी कधी मान्य करून टाकलं होतं, माझं मलाच माहीत नव्हतं.

दुपारी मुलानं पाणी प्यायचं थांबवलं तेव्हा १११ नंबर फिरवला. तब्येतीच्या अडचणीसाठी तिथं हा फुकट फोन असतो, जिवावर बेतलं तर ९९९. पलीकडच्या बाईनं ताप विचारला. मी म्हटलं, “एकशेतीन.” ती गप्प झाली. त्यांचा ताप सेल्सिअसमध्ये, म्हणजे साडेएकोणचाळीसच्या आसपास. मग प्रश्नांची रांग. लंगोट ओले होतात का? अंगावर पुरळ आहे का? असेल तर काचेचा ग्लास दाबून बघा, पुरळ फिकं पडतं का. फिकं पडलं नाही तर मेंदूज्वराचा धोका मानून ताबडतोब निघायचं असतं. ओठ निळे दिसतात का? आपल्या सावळ्या मुलांचे तळहात-तळपाय बघावेत, असं तिथल्या सूचनांत आता लिहिलेलं असतं.

रात्री इमर्जन्सीमध्ये चार तास बसलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी मुलाला नीट तपासलं आणि अगदी मायेनं विचारलं, “आणायला इतका उशीर का झाला?”

मी पदराशी चाळा केला नाही एवढंच, कारण जीन्स घातली होती.

पॅरासिटामॉल द्या, घोटघोट पाणी पाजा, धाप लागली तर परत या, असं सांगून त्यांनी घरी पाठवलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “चार तास बसवलं आणि साधं इंजेक्शन नाही?” खरं सांगते, रागावले तर मीही होते. औषध लिहिलं नाही म्हणजे डॉक्टरनं बघितलंच नाही, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं असतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

पुढे मी तिथल्या बायकांच्या एका गटात जाऊ लागले. तिथं आपल्याकडचीच एक जण भेटली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. धाकट्या मुलीला दम्यासारखा त्रास. रात्री पोट उडायचं, छाती घरघरायची. नवरा गोदामात रात्रपाळीला. पासपोर्ट, कार्ड, सगळं त्याच्याकडे. त्यानं सांगून ठेवलेलं, “दवाखान्यात गेलीस तर बिल येईल आणि व्हिसा जाईल.” मुलीला मांडीवर धरून ही पहाटेपर्यंत बसून राहायची.

हे साफ खोटं होतं. व्हिसा काढतानाच आरोग्य अधिभार भरून घेतात. २०१५ पासून ही पद्धत आहे. २०२४ पासून दर वर्षाला मोठ्यांसाठी १०३५ पौंड आणि मुलांसाठी ७७६ पौंड. म्हणजे उपचाराचे पैसे आधीच दिलेले असतात. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना चिठ्ठीवरची औषधं फुकट मिळतात. जी.पी.कडे नाव नोंदवायला पासपोर्ट दाखवावाच लागतो असं नाही. आणि १९८९ च्या मुलांविषयीच्या कायद्यानं आईला जन्मापासूनच पालकाचे अधिकार असतात; उपचाराला तिची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

एकदा ते सगळे डॉक्टरकडे गेले. दुभाषी म्हणून सात वर्षांची थोरली मुलगी. डॉक्टरांनी विचारलं, “घरी काही त्रास आहे का?” मुलीनं बापाकडे बघितलं आणि आईला न विचारताच सांगून टाकलं, “नो.”

मुलांना दुभाषी करू नये, असं तिथले नियम सांगतात. दुभाषी फुकट मिळतो, पण वेळ घेतानाच मागावा लागतो, आणि मराठी हवा असं सांगावं लागतं. नाहीतर हिंदी देतात. ‘धाप’ आणि ‘पोट उडणं’ हिंदीत कसं सांगायचं, हा तिचा प्रश्न होता. मलाही पटकन सांगता आलं नाही.

तिला आणखी एक भीती होती. सोशल वर्कर येऊन मुलं काढून नेतात. नॉर्वेतल्या २०११ च्या प्रकरणावर २०२३ मध्ये सिनेमा आला, तो सगळ्यांनी बघितलाय. मी स्वतः या पेशातली, म्हणून ही भीती निराधार आहे असं म्हणणार नाही. परक्या देशात, परक्या भाषेत गैरसमज होतात. पण मूल वेळेवर आणलं नाही, याचीही नोंद होते. आणि ती आईच्याच नावावर होते. कागदावर काय लिहिलं जातं, ते मला ठाऊक आहे.

मुलगी, सून तिकडे निघाली की आपण लोणची-पापड बांधून देतो. त्यासोबत मुलाचं लसीकरण कार्ड द्या. औषधांची मूळ नावं लिहून द्या. क्रोसिन म्हटलं तर तिथं कळेलच असं नाही, पॅरासिटामॉल कळतं. आणि तिचा स्वतःचा फोन, तिच्या नावाचा.

त्या बाईबरोबर मी एकदा दवाखान्याच्या खिडकीशी गेले. नवऱ्यानं विचारलं तर काय सांगायचं, ते आम्ही आधीच ठरवलं होतं. मुलीच्या कागदावर तिचा नंबर घालायला दोन मिनिटं लागली. पुढच्या आठवड्यात तिनं मला फोन काढून दाखवला. मंगळवारी नऊ-चाळीसची वेळ असल्याचा निरोप आला होता. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. मुलीच्या नावावरून तिनं ओळखलं होतं.