आधी विचारूया



१८३१ साली अमेरिकन मिशनरी आपल्या नगरला आले, तेव्हा त्यांच्या कामाचे मोठे निर्णय बोस्टनचं मंडळ घेई. आज त्याच परंपरेतलं युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट परदेशातल्या भागीदार चर्चने बोलावलं तरच माणूस पाठवतं. १९७० साली नागपूरला स्थापन झालेलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे त्यांच्या भागीदारांपैकी एक.

मी हे उशिरा शिकले. एका खेड्यातल्या शाळेला हौसेनं सॉफ्टवेअर लिहून पाठवलं. कोणी उघडलंही नाही. त्यांना विज्ञानाची शिक्षिका हवी होती. मी विचारलंच नव्हतं.

आपली बॅच शाळेला संगणककक्ष देणार आहे. त्याआधी बाई, तुम्हीच सांगा, शाळेला काय हवंय?